नावाची जागा मोकळी

साल्टर्स नेक, मॅसॅच्युसेट्स
सन १७३४

९ सप्टेंबर

नवी वही सुरू केली. जुनी कवितांनी भरली, आणि त्या कुणी वाचल्या नाहीत. ही मात्र कुणीच वाचू नये म्हणून लिहितो आहे, म्हणजे निदान अपेक्षाभंग व्हायचा नाही.

आज सब्मिट हॅलेटच्या दुकानात गेलो. निमित्त शाईच्या पुडीचं. खरं कारण कोटाच्या आतल्या खिशात होतं: तिच्यावरची अकरा कडव्यांची कविता, चौथ्यांदा स्वच्छ अक्षरात उतरवलेली. सुरुवात अशी आहे:

तारे तुझे नयन, चंद्र तुझे वदन,
माझिया हृदयी अहर्निश दहन.

पुढची दहा कडवीही याच तोडीची आहेत. ठरवलं होतं की शाई घ्यायची, कागद ठेवायचा आणि मागे न बघता निघायचं. प्रत्यक्षात लॅटिन छंदांवर अर्धा तास बोललो आणि शाई विसरून परत आलो. ती तोवर बटणं लावत होती. कमरेला कात्री लटकत असताना दोरा दाताने तोडते. बाई विचित्रच आहे.

तिचं लग्न कॅप्टन जेथ्रो विंगशी ठरलेलं आहे. तो सुका कॉड मासा घेऊन बार्बाडोसला गेला, आणि काकवी भरून ऑगस्टात परतायला हवा होता. अजून पत्ता नाही. मी देवाकडे काही मागितलेलं नाही. एवढंच की त्याच्यासाठीही काही मागितलेलं नाही.

१७ सप्टेंबर

म्हातारा पेलेग क्रॉस गेला. गावात कुणी मेलं की शवपेटीवरच्या काळ्या कापडावर एक शोककविता टाचायची, आणि ती मी लिहायची. वाचायला कुणी कविता मागत नाही, लग्नाला मागत नाही. इथे कवीची गरज फक्त मेलेल्यांना. मोबदला म्हणून, अंत्यविधीला वाटतात त्या काळ्या हातमोज्यांचा एक जोड. माझ्याकडे आता एकतीस जोड आहेत आणि हात दोनच.

कविता आधी प्रार्थनाघराचे डीकन फ्रॉस्ट तपासतात. अंत्यविधींचं सगळं तेच बघतात. ते बोटाने ओळी मोजतात आणि बायबलातलं एक तरी नाव सापडलं की मान डोलावतात. एकदा पसंत झाली की कागद त्यांच्या पेटाऱ्यात जातो, आणि मग एक शब्द बदलू देत नाहीत.

आज थडग्यापाशी वाचताना खोकल्याची उबळ आली. रुमालाला रक्त लागलं. खालची दाढ दुखते आहे खरी, तिचंच असणार. पेलेगच्या कवितेचं शेवटचं कडवं वाचायचं राहिलं. राहिलं ते बरंच झालं, ते मी गेल्या वर्षी डीकनच्या बायकोसाठी वापरलं होतं.

२५ सप्टेंबर

शाळा काढून घेतली. म्हणजे शब्द तसा वापरला नाही. पंच मंडळी स्वतः आली, टोप्या हातात धरून. म्हणाले, "मास्तर, या हिवाळ्यात तुम्ही विश्रांती घ्या. मुलांचं बघायला बॉस्टनहून एक तरुण येतोय."

मी विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"छे छे. उलट तुम्ही फार केलंत आमच्यासाठी."

सात वर्षांत या लोकांनी माझ्याबद्दल चांगला शब्द उच्चारला नव्हता. शेवटी यांना उमगलं असावं की कवीला शांतता लागते. डोनबाईला, म्हणजे माझ्या घरमालकिणीला, हे सांगितलं. ती चुलीकडे तोंड करून उभी राहिली आणि बराच वेळ पातेलंच ढवळत होती. पातेल्यात नुसतं पाणी होतं.

३ ऑक्टोबर

गाव गोड झालं आहे. मला याची सवय नाही आणि थोडी भीती वाटते.

प्रार्थनाघरात मला भिंतीकडची, वारा न लागणारी जागा दिली. शेजारची दोन्ही बाकं रिकामी ठेवली. मला वाटतं, मान म्हणून. रस्त्यात बायका मुलांना हाताला धरून पलीकडच्या कडेला नेतात, पण नेता नेता मला नमस्कार करतात. सुतार भेटला, तो बोलता बोलता मला टाचेपासून डोक्यापर्यंत न्याहाळत होता. मी म्हटलं, "काय बघतोस रे?" तर म्हणाला, "काही नाही मास्तर, तुम्ही वाटता त्यापेक्षा उंच आहात."

डॉक्टर येऊन गेले. पाठीला कान लावून खूप वेळ ऐकलं, आणि गरम दूध प्या म्हणाले. एवढ्यासाठी शिकावं लागतं का?

८ ऑक्टोबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

डीकन फ्रॉस्ट आले. बसले नाहीत. म्हणाले, "एक कविता हवीये. पेटीवरची."

"कोण गेलं?"

"गेलं नाही अजून कुणी. म्हणजे... आधी तयार असलेली बरी. तुमच्याशिवाय गावात लिहिणारं कोण आहे? मग ऐन वेळी आम्ही काय करणार?"

"नाव?"

"नावाची जागा मोकळी सोडा. पुरुष. तिशीतला. बायको नाही, मूल नाही." ते खिडकीबाहेर बघत होते. "पहिल्या बर्फाच्या आसपास लागेल. ज्याची आहे त्याला कल्पना आहे, असं मी धरून चालतो. तुम्हीही काही विचारू नका, मास्तर. मला सांगायला जमायचं नाही."

ते गेल्यावर मी दार लावलं आणि खुर्चीत बसून राहिलो. पहिला बर्फ. आमच्या गावात जहाज वेळेवर आलं नाही तर पहिल्या बर्फापर्यंत वाट बघतात, मग समुद्रावर गेलेल्याच्या नावाने रिकामी पेटी पुरतात. तिशीतला, बिनलग्नाचा, ज्याचं नाव इतक्यात उच्चारायचं नाही असा दुसरा कोण आहे? विंगची काहीतरी खबर आली आहे आणि सब्मिटसाठी लपवून ठेवली आहे.

मला आनंद झाला. देवा, हे मी इथे लिहितो म्हणजे तुझ्यापासून लपवलं असं होत नाही. मला खूप आनंद झाला. एका माणसाच्या मरणाने मी खूश झालो आहे, आणि उद्या त्याचीच स्तुती लिहायची आहे.

११ ऑक्टोबर

सब्मिटने कोंबडीचं सार पाठवलं. काल मुरवलेली नासपती. परवा ती स्वतः आली, दारातच थांबली. हिलाही ठाऊक आहे तर. डोळे रडून आल्यासारखे होते, तरी माझी चौकशी करत होती.

"मास्तर, तुमचं कुणी आहे का कुठे? भाऊ, बहीण?"

"एक बहीण होती न्यूपोर्टला. आता नाही. का?"

"काही नाही. कळवायला कुणी असावं माणसाला."

वाग्दत्त वर बुडाल्याला महिना झाला नसेल आणि ही माझ्या घरच्यांची माहिती काढते आहे. मी मूर्ख नाही, एवढं मलाही समजतं. अकरा कडवी आता द्यायला हरकत नाही. पण आधी पेटी पुरू दे. थोडी तरी लाज हवी.

दुकानाच्या फळीवर काळ्या हातमोज्यांचे दहा जोड तिने बाजूला बांधून ठेवले आहेत. बिचारी किती शांतपणे तयारी करते आहे.

१९ ऑक्टोबर

विंगवरची कविता जमत नाही. नेहमीचं सामान काढून पाहिलं: रडा हो रडा, नौका बंदरी लागली, अब्राहामाच्या कुशीत विसावला. पेलेग क्रॉसला चाललं. इथे लिहायला बसलं की तो दुकानात पाय पसरून बसलेला दिसतो, तासन्‌तास स्वतःच्याच वादळांच्या गोष्टी सांगताना. ती समोर बसलेली आहे, आणि त्या माणसाने एकदाही मान वर करून तिच्याकडे पाहिलं नाही.

त्याच रागात एका बैठकीत लिहून काढली. यमक नाही, ताराबिरा नाही. जहाजाचं नाव नाही, कारण डीकन म्हणाले नावाची जागा मोकळी सोडा. मधल्या या ओळी तर आपसूक आल्या:

बोलत बसला तिच्यासमोर, ती ऐकते का न बघता.
कात्री कमरेला असून ती दोरा दाताने तोडते, हे न बघता.
खलाशांच्या बायकांना पत्रं वाचून दाखवताना
वाईट ओळीआधी ती जरा थांबते, पाणी पिते,
मग हळू आवाजात पुढे जाते, हेही न बघता.
गेला. पाहण्याजोगं होतं ते सारं मागे ठेवून गेला.

पुन्हा वाचली. ही चांगली आहे. मी आजवर लिहिलेल्यात एकटी ही चांगली आहे, आणि ती जेथ्रो विंगला जाणार. खोकला इतका आला की कागदावर थेंब पडले. पुन्हा उतरवून काढली.

२२ ऑक्टोबर

डीकनने ओळी मोजल्या. "थोडी रूक्ष आहे," म्हणाले. "बायबलातलं कुणीच नाही." मी वर मोझेस घातला. मग पसंत झाली. त्यांनी कागदाची घडी केली. पेटाऱ्यात टाकला, कुलूप लावलं.

"मास्तर, तुम्ही फार धीराचे आहात," ते म्हणाले.

यात कसला धीर, कोण जाणे.

२ नोव्हेंबर

आज दुपारी जहाज आलं.

ओरडा ऐकून मी खाली धक्क्यावर गेलो. सगळं गाव तिथे होतं. विंगचं जहाज प्रॉस्परस उरलेल्या एका डोलकाठीवर लंगडत आत येत होतं आणि पुढच्या टोकाला जेथ्रो विंग उभा होता, दाढी वाढलेली, धडधाकट. "सब्मिट, काकवी आणलीये," तो तिथून ओरडला, "दात सांभाळ." लोक हसले. ती रडत होती, हसत होती, आणि शाल खाली पडलेली तिला कळलंही नाही.

मी डीकनजवळ उभा होतो. मला खरोखरच अजून काही उमगलं नव्हतं. मी विचारलं, "मग ती कविता कुणाची?"

त्यांनी टोपी काढली. आजूबाजूची चार माणसं जहाज सोडून माझ्याकडे बघू लागली. सुतारही त्यात होता.

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे," डीकन म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलं असेल असं वाटलं."

"डॉक्टर म्हणाले, गरम दूध प्या."

"हो," ते म्हणाले. "ते सगळ्यांना तसंच सांगतात."

३ नोव्हेंबर

भीती वाटते. दुसरं काही लिहिता येत नाही.

५ नोव्हेंबर

मी मागची पानं वाचली. बाक, मुलं, सार, हातमोजे, सुतार. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी शिकवलेल्या पोरांना तर कळलंच होतं.

दुपारी सब्मिट आली. या वेळी आत आली, स्टूल ओढून बसली. डोनबाई मुद्दाम परसात गेली.

"डीकनकाकांनी मला तुमची कविता दाखवली," ती म्हणाली. "जहाज यायच्या आधी. मी तेव्हापासून झोपले नाहीये. स्वतःबद्दल इतकं कठोर का लिहिलंत?"

मला तेव्हा कळलं की तिला वाटतं आहे ती मी माझ्यावर लिहिली. सांगावंसं वाटलं: ती तुझ्या जेथ्रोवर आहे, तो मेला म्हणून मी खूश झालो होतो. तोंडापर्यंत आलं. पण लिहिलेलं आठवलं, बोलत बसला तिच्यासमोर, आणि लॅटिन छंद आठवले. सात वर्षं त्या दुकानात मीच बोलत बसलो होतो. गप्प बसलो.

"आणि खोटंही आहे ते," ती म्हणाली. "न बघता, न बघता म्हणता. मग लिहिलंत कसं? पत्र वाचताना मी पाणी पिते हे मलासुद्धा माहीत नव्हतं."

"मला वाईट वाटलं असतं, तुला आवडली नसती तर."

"आवडली. त्याचंच भय आहे." तिने आवाज उतरवला. "मास्तर, ती पेटीवर लागली तर थडग्यापाशी सगळं गाव वाचेल. बायका कात्रीच्या ओळीतच ओळखतील. जेथ्रो तुमच्या पेटीला खांदा देणार आहे, त्याने स्वतःहून मागून घेतलंय. त्याला पत्रांच्या ओळीत कळेल. तो वाईट नाहीये, पण हे तो विसरणार नाही, आणि मलाही विसरू देणार नाही. पुढच्या महिन्यात लग्न आहे."

"तुला तोच हवा आहे?"

"हो," ती म्हणाली. सरळ माझ्याकडे बघून. "मला तोच हवाय. तुम्ही चांगले आहात, पण मला तुमच्याबद्दल तसं कधीच वाटलं नाही. आता खोटं बोलून काय उपयोग?"

काही उपयोग नव्हता. मी डीकनकडून कागद परत आणण्याचं कबूल केलं.

६ नोव्हेंबर

डीकन नाही म्हणाले. पसंत झालेली कविता पेटाऱ्यातून बाहेर येत नाही, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. मी बरंच बोललो. शेवटी म्हणाले, "तेवढ्याच ओळींची दुसरी, तुमच्याच हातची, आणून द्या. मग बदलू. विनाकवितेचा माणूस मी पुरणार नाही. लोक काय म्हणतील?"

तिथून घरापर्यंत तीन वेळा बसावं लागलं.

९ नोव्हेंबर

लिहिली. तीन दिवस लागले, कारण एका वेळी चार ओळींहून जास्त हात चालत नाही. अक्षर मात्र बिघडू दिलं नाही.

रडा हो रडा आहे. नौका बंदरी लागली आहे. अब्राहामाच्या कुशीत मीही विसावलो आहे. डीकनच्या बायकोचं कडवंही घातलं, कारण नवं करायला दम नव्हता. आयुष्यभर मला एकच हवं होतं, की या गावाने माझी एक तरी चांगली कविता उभं राहून ऐकावी. ते आता ही ऐकतील. नव्या मास्तरला वाटेल की इथला कवी असाच होता. हे लिहिताना मी रडलो, मरणासाठी नाही, यासाठी.

१० नोव्हेंबर

डीकनने ओळी मोजल्या, बरोबर भरल्या. दोनदा वाचली.

"ही छान आहे," म्हणाले. "आधीच्यापेक्षा खूपच छान. शेवट तर... कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो, पण छान आहे." त्यांचे डोळे भरून आले. नावाच्या जागी मी माझ्या हाताने आसाहेल ट्रस्क लिहिलं. तारीख ते घालणार आहेत.

१२ नोव्हेंबर

जुना कागद घेऊन दुकानात गेलो. जेथ्रो जहाजावर होता. तिने दाराला आतून कडी घातली.

मी म्हटलं, "एकदा मोठ्याने वाच. मग काय करायचं ते कर."

तिने वाचली. वाईट ओळीआधी ती खरंच थांबली, पाणी प्यायली आणि हळू आवाजात पुढे गेली. आपण हे करतो आहोत हे तिच्या ध्यानात आलं, तरी तिने तसंच वाचलं. माझी ओळ अशी वाचलेली मी कधी ऐकली नव्हती. संपल्यावर तिने कागद चुलीत टाकला आणि काळा होईपर्यंत चिमट्याने दाबून धरला. मी तिला थांबवलं नाही. थांबवावंसं फार वाटलं.

मग खिशातला दुसरा कागद काढला, अकरा कडव्यांचा. म्हटलं, "हाही टाक."

तिने उजेडाकडे धरून पहिली दोन कडवी वाचली. कपाळाला आठी पडली.

"ही कोण?"

मी तिच्याकडे बघत राहिलो. ती गंमत करत नव्हती. तारे, चंद्र, दहन. तिने खरोखरच स्वतःला ओळखलं नव्हतं, आणि ओळखावं तरी कशावरून? त्यात तिचं काहीच नव्हतं.

"कुणी नाही," मी म्हटलं. "सरावासाठी लिहिली होती."

"मग जाळायची कशाला? अक्षर किती सुंदर आहे हे. मी डीकनकाकांच्या नातीला आणि आणखी दोघींना लिहायला शिकवते ना, त्यांना गिरवायला ठेवू का? त्यांच्या आया हरकत घेणार नाहीत, कागद धुरावर धरून आजाराचा दोष काढून घेईन."

मी म्हटलं, "ठेव."

१७ नोव्हेंबर

उठलो नाही. डोनबाईने पलंग चुलीजवळ ओढला आहे. ही वहीसुद्धा तीच धरून बसली आहे, मी फक्त टाक चालवतो.

ती सकाळी दोरा आणायला दुकानात गेली होती. सांगत होती, तिन्ही मुली बाकावर बसून माझा कागद गिरवताहेत, जीभ बाहेर काढून. डीकनच्या नातीने पहिली ओळ सबंध काढली. शाई फार सांडली, पण काढली.

मी विचारलं, "तिला काही समजलं का त्यातलं?"

"मी विचारलं की तिला," डोनबाई म्हणाली. "म्हणाली, समजायचं नाहीये, सब्मिटबाई म्हणाल्यात नुसतं अक्षर बघायचं."